ठेवून दिलेलं इंजिन बसवताय? सेल्फ मारायच्या आधी आतलं पाणी शोधा

दरवर्षी दसरा झाला की हेच सुरू होतं. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत ज्याला त्याला गाडी नाहीतर ट्रॅक्टर रस्त्यावर पाहिजे असतो, मग कुणाच्या शेडातनं, कुणाच्या गोठ्यातनं दोन-तीन पावसाळे पडून असलेलं इंजिन बाहेर निघतं, "चालू कंडिशनमध्ये काढलंय, फक्त बसवायचंय" म्हणत गाडीत चढवतात, सेल्फ मारतात आणि एकतर टक्क करून जागेवर थांबतं नाहीतर चालू होऊन आठवड्याच्या आत खालून ठोका द्यायला लागतं. मग गिअरबॉक्स परत खाली, इंजिन परत बाहेर, मजुरी डबल. या सीझनला आत्तापर्यंत दोघांनी फोन करून हेच विचारलंय, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो. मी सांगलीत डिझेलचंच काम करतो, पिकअप, जीप, ट्रॅक्टर, त्यामुळं खालचं सगळं डिझेल इंजिनाबद्दल आहे, पेट्रोलला नोझलच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) जागी प्लग समजा, बाकी बरंचसं तेच.

आधी माझं स्वतःचं सांगतो कारण त्यातनंच मी शिकलो. एक अडीच लिटरचं चार सिलेंडरचं इंजिन मी भिलवडीला मामाच्या शेडात ठेवलं होतं. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं तेव्हा ते माझ्याकडंच गॅरेजच्या माळ्यावर होतं, नंतर तिकडं नेलं. जुलै २०२१ ला परत पूर आला. पाणी उतरल्यावर मामाला पहिला प्रश्न हाच विचारला, इंजिनाला लागलं का? मामा म्हणाला, "नाही रे, ओट्याच्या खालीच थांबलं, इंजिन कोरडं आहे." आणि तो खरंच बोलत होता, पुराचं पाणी लागलंच नव्हतं. मी ऑइलपट्टी ओढून बघितली तर ऑइल एकदम स्वच्छ, मधासारखं. बसवलं. सेल्फ मारला, टक्क. वाटलं बॅटरी उतरली असंल, ट्रॅक्टरची मोठी बॅटरी आणून लावली, परत टक्क, तिसऱ्यांदा मारल्यावर फिरलं आणि तीन सिलेंडरवर चालू पण झालं. दोन मिनिटांनी ठोका. हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, उचललं तर तीन नंबरचा पिस्टन वर आल्यावर बाकीच्या तिघांपेक्षा खाली राहत होता, म्हणजे कनेक्टिंग रॉड, पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा दांडा, वाकला.

पाणी आलं कुठनं? पुरातनं नाही, वरनं. पत्र्याला जुन्या खिळ्याचं एक भोक, त्यातनं थेंब थेंब ताडपत्रीवर, ताडपत्रीच्या घडीतनं सायलेन्सर मॅनिफोल्डच्या (इंजिनातनं धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडावर, आणि त्या तोंडात मीच फडक्याचा बोळा कोंबला होता. तो बोळा दिव्याच्या वातीसारखा पाणी ओढून आत सोडत राहिला. इंजिन ज्या जागेवर थांबलेलं असतं त्या जागेवर कुठल्या ना कुठल्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह उघडा असतोच, माझ्या इंजिनात तो तीन नंबरचा एक्झॉस्ट होता, मॅनिफोल्डमधलं पाणी सरळ तिथनं आत. बाकीचे तीन सिलेंडर बघितले तर नवे वाटत होते. म्हणून कुणी म्हणालं की एक सिलेंडर बघितला, चांगला आहे, तर त्याला काही अर्थ नाही, चारही बघायला लागतात.

आता किती पाणी लागतं ते बघा. अडीच लिटर इंजिन म्हणजे एका सिलेंडरला साधारण ६३० सीसी. कॉम्प्रेशन १८ ला १ धरलं तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर वर जागा उरते फक्त ३७ सीसी. टपरीवरचा छोटा कप पण पूर्ण भरत नाही एवढ्यात. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं ३७ सीसीच्या वर पाणी असलं की पिस्टन वर जाऊच शकत नाही, आणि मागनं तुम्ही मोठी बॅटरी लावून रेटलंत किंवा बाकीचे सिलेंडर पेटले की जे सगळ्यात आधी हार मानतं ते म्हणजे रॉड.

त्यामुळं पहिला नियम एकच: आत बघितल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही. सेल्फनं तर नाहीच, पान्यानं पण नाही. आणि हे सगळं बघायचं ते इंजिन खाली जमिनीवर असताना, गाडीत बसवल्यावर नाही.

ऑइलपट्टीवर विश्वास ठेवू नका

हे जरा सविस्तर लिहितो कारण मी इथंच फसलो आणि लोक अजून इथंच फसतात. सगळ्यांना माहीत आहे की ऑइलमध्ये पाणी गेलं की ते दुधाच्या चहासारखं होतं. पण ते चालत्या इंजिनात. चालताना क्रँक, खालचा मुख्य फिरता दांडा, ते घुसळतं, ताक घुसळल्यासारखं, तेव्हा पाणी आणि ऑइल एकजीव होऊन तसा रंग येतो. पडून असलेल्या इंजिनात घुसळणार कोण? ऑइल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळं पाणी चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाला गप बसतं आणि वर स्वच्छ ऑइल तरंगतं. पट्टी तळापर्यंत पोचत नाही, ती वरचंच ऑइल दाखवते. एक खूण मात्र पट्टीवर दिसते, लेव्हल. काढताना बरोबर खुणेवर असलेलं ऑइल आता वरच्या खुणेच्याही वर गेलंय म्हणजे खाली काहीतरी आलंय, ऑइल आपोआप वाढत नाही.

खरी टेस्ट चेंबरच्या नटाला आहे, ज्यातनं ऑइल सोडतात त्या. इंजिन लेव्हलमध्ये, जसं गाडीत बसतं तसं लाकडावर ठेवा आणि एक दिवस हलवू नका, म्हणजे जे खाली बसायचं ते बसेल. मग खाली पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली धरा आणि चेंबरचा नट पूर्ण काढू नका, हातानं धरून दाबत दाबत आटे सोडा, बाहेर झिरपायला लागलं की थांबा. पाणी असंल तर आधी पाणीच येणार. रॉड वाकल्यावर मी हे त्याच इंजिनाला केलं नाही, तोपर्यंत सगळं घुसळून चहा झाला होता. पण त्यानंतर पलूस भागातनं आलेल्या एका ट्रॅक्टरच्या इंजिनाला केलं. नट सैल केला, दोन सेकंद काहीच नाही, मग आट्यातनं एक थेंब आला, लालसर, गंजाचा, मग बारीक धार, जवळजवळ अर्धी बाटली भरली आणि मग धार एकदम जाड झाली, रंग बदलला, काळंभोर ऑइल. मालक शेजारीच उकिडवा बसला होता, त्याला मला काही सांगायला लागलं नाही. पट्टीवर त्याचं ऑइल पण नुसतं काळंच दिसत होतं, चहासारखं नाही.

धारेत पाणी दिसलं नाही तरी शंका असंल तर तळाचं पहिलं थोडं ऑइल घेऊन तव्यावर बघा. जुना तवा चांगला तापवा, गॅस बंद करा, मग वरनं ऑइलचा एकच थेंब. गप पसरला तर ठीक. फोडणीत मोहरी टाकल्यासारखं तडतडलं, बुडबुडे उठले तर त्यात पाणी आहे. डोळ्याला चष्मा पाहिजे आणि घरातला पोळ्यांचा तवा नको.

सिलेंडरच्या आत

चारही नोझल काढा. नोझल निघत नसतील, जाम असतील तर तीच एक खूण समजा, पाणी त्या खोबणीत साचून गंज धरलेला असतो. खालचे तांब्याचे वॉशर परत वापरायचे नाहीत, नवे घ्यायचे. नोझलच्या भोकातनं मोबाईलला जोडायचा छोटा केबल कॅमेरा आत सोडा, आजकाल तो कुठंही मिळतो आणि माझ्या मते टॉर्कच्या पान्यानंतर गॅरेजमध्ये घ्यायची दुसरी वस्तू तीच. पिस्टनच्या डोक्यावर पाणी, लाल भुकटी, लायनरवर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीवर) तांबडे डाग दिसतात का बघा. लायनरवर एका लेव्हलला सरळ रेष दिसली, विहिरीच्या भिंतीला पाणी उतरल्यावर दिसते तशी, तर पाणी तिथपर्यंत बरेच दिवस उभं होतं.

इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्डच्या तोंडात बोट घालून खाली फिरवा. बोटाला लाल चिखल लागला तर आत पाणी गेलंय हे ठरलंच. टर्बो असंल तर त्याच्या पोटात पाणी साचून राहतं, पंखा बोटानं फिरतो का, घासतो का बघा.

टॅपेट कव्हर तर काढायचंच, चार-सहा बोल्टचं काम आहे. स्प्रिंगा आणि रॉकर वर असतात, ऑइल निथळून गेलेलं असतं, त्यामुळं आत नुसता दमटपणा जरी फिरला असंल तरी पहिला गंज तिथं दिसतो. पावसाळ्यात रात्री गार झालेल्या लोखंडाला माठासारखा घाम सुटतो, बाहेरनं आणि आतनं पण, आणि शिराळ्याकडच्या पावसात तर शेड कितीही चांगली असली तरी हे होणारच. कव्हरच्या आत हलका पिवळा साका एवढंच असंल आणि स्प्रिंगा चकचकीत असतील तर घाबरायचं कारण नाही, ते घामाचं आहे, पुसून घ्या. स्प्रिंगवर गंजाचे खड्डे पडलेत तर मात्र ती बदला, तिथनंच ती पुढं तुटते आणि व्हॉल्व्ह आत पडला की काही उरत नाही.

आत पाणी सापडलं तर सिरींजला नळी लावून ओढून काढा, मग प्रत्येक सिलेंडरमध्ये अर्धं डिझेल अर्धं ऑइल असं थोडं थोडं घालून दोन-तीन दिवस मुरू द्या. पाणी नसलं तरी पडून असलेल्या इंजिनाला हे करावंच, लायनर कोरडा पडलेला असतो. तोवर दुसरं बघा.

पुढं क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं फिरवायचं, चारही नोझल बाहेर ठेवूनच, भोकांवर फडकं टाकून आणि तोंड बाजूला ठेवून, कारण आत जे काही असंल ते पिचकारीसारखं वर येतं. फिरायच्याच दिशेनं, हळू. दोन पूर्ण फेरे, म्हणजे चारही सिलेंडरचे चारही स्ट्रोक होऊन जातात. हाताला नीट लक्ष द्या. सगळीकडं सारखं जड असंल तर ते पिस्टनच्या रिंगांचं, चालतं. एकाच ठिकाणी येऊन खरखर लागत असंल तर तिथं लायनरला गंज आहे. एकदम अडलं तर थांबायचं, पाइप लावून जोर करायचा नाही, परत डिझेल-ऑइल, परत दोन दिवस. मी एक इंजिन आठ दिवसांनी सोडवलंय, रोज सकाळी येऊन नुसता पाना लावून हलतंय का बघायचो. टायमिंग बेल्टचं इंजिन असंल तर उलटं चुकूनही फिरवू नका, आणि बेल्ट तर तसाही नवाच टाका.

खरखर लागली तर हेड उचला. नुसत्या डोळ्यांनी डाग आणि खड्डा यातला फरक कळत नाही, अंगठ्याचं नख लायनरवर वरनं खाली हलकं ओढा. नख सरळ घसरत गेलं तर डाग आहे, बारीक पॉलिश पेपर ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवला की निघतो. नख अडलं, अगदी बारीक जरी अडलं, तरी तिथं रिंग रोज घासणार, ऑइल चढणार, धूर येणार. तेव्हा लायनर-पिस्टन बदला. "बसवून तर बघू, बसेल घासून" असं म्हणणारे भेटतील, ते धूर बघायला थांबत नाहीत.

बाहेरनं पाणी नाही, पण जॅकेटमधनं

जॅकेट म्हणजे ब्लॉकच्या आत सिलेंडरभोवती पाणी फिरायची पोकळी. हे बरेच जण विसरतात. इंजिन काढताना कूलंट सोडत नाहीत, किंवा गाडीत वर्षानुवर्षं साधं बोअरचं पाणीच असतं, ते ब्लॉकच्या आत राहतं आणि आतनं गंज खातं. बाहेरनं कोअर प्लग बघा, पातळ पत्र्याच्या वाट्या असतात त्या, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टकटक केलं आणि आवाज मेलेला आला किंवा कडेला पांढरी-तांबडी रेघ दिसली तर बदला, आत्ता इंजिन मोकळं आहे तोवर हे पाच मिनिटांचं काम आहे, मागचा प्लग गाडीत बसवल्यावर हातालाच येत नाही.

बऱ्याच ट्रॅक्टरच्या इंजिनात लायनर थेट पाण्यात असतो आणि खाली रबरी रिंगा असतात. पडून राहून त्या रिंगा कडक होतात. म्हणून चेंबर रिकामा करून नट उघडाच ठेवा, नळ्यांची तोंडं बंद करून जॅकेटमध्ये पाणी भरा आणि रात्रभर राहू द्या, खाली कोरडा पुठ्ठा टाका. सकाळी पुठ्ठ्यावर नटाखाली ओल दिसली तर रिंगा नाहीतर हेड गॅसकेट गेलंय. या एका टेस्टनं माझ्याकडं येणारी दोन इंजिनं गाडीत चढायच्या आधीच वाचली.

पुरात बुडालेलं असंल तर

तर वरचं सगळं सोडा, त्या इंजिनाची तपासणी नसते, ते पूर्ण खोलायचं असतं. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नाही, कृष्णेचा गाळ आहे तो, अगदी बारीक, आणि वाळल्यावर ऑइलच्या गल्ल्यांमध्ये सिमेंटसारखा बसतो. ऑइल बदलून, फ्लश मारून तो निघत नाही, क्रँकच्या भोकांमध्ये तार आणि प्रेशर मारायला लागतं, बेअरिंगचे शेल काढूनच बघायला लागतात.

अडचण अशी की विकणारा सांगत नाही. २०१९ नंतर आणि २०२१ नंतर वॉशिंग करून, वर सिल्व्हर मारून अशी इंजिनं फिरली, अजून फिरतात. कुणाला बोल लावत नाही, कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं, दुसऱ्याकडनं घेतलेलं असतं. म्हणून वॉशिंगचा पाइप जिथं पोचत नाही तिथं बघा. फ्लायव्हीलच्या घंटीच्या आत, स्टार्टरच्या भोकातनं टॉर्च मारून. अल्टरनेटरच्या तारांच्या मधे. टायमिंग कव्हरच्या खालच्या कोपऱ्यात. खोल बोल्टच्या डोक्याच्या खाचेत टाचणी घालून उकरा, आलेली माती बोटांत चोळा, पिठासारखी मऊ लागली तर ती रस्त्याची धूळ नाही. वायरिंगचे कपलर उघडून पिना हिरव्या पडल्यात का बघा. आणि नवा रंग दिसला की विचारा, रंग कशाला मारला. आरसीवरचा नंबर इंजिनावर नीट वाचता येतो का तेही तेव्हाच बघा, दुसरं इंजिन टाकलं की आरटीओत नोंद करायला लागते, गंजलेला नंबर तिथं अडवतो.

बसवायच्या आधी उरलेलं

फ्यूल पंप. यात पाणी गेलेलं असंल तर हातानं फिरवायच्या वेळीच अडकू शकतो, रोटरी पंपाला तर डिझेलशिवाय दुसरं वंगणच नसतं, आत गंज धरला की जाम. शंका असंल तर पंप आणि नोझल दोन्ही पंपवाल्याकडं टेस्टिंगला द्या, स्वतः उघडू नका.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते, खोला, दोन्ही तोंडं घासून घ्या. क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग बोटानं फिरवून बघा. मागचं ऑइल सील नवंच टाका, क्रँकवर सील बसतं तिथं गंजाची रेघ असंल तर ती आधी बारीक पेपरनं काढा नाहीतर नवं सील महिन्यात फाटतं.

सगळं ठीक निघालं की चेंबर खोलून पुसून घ्या, जाळी धुवा, नवं फिल्टर ऑइलनं भरून लावा, साधं स्वस्तातलं पण योग्य ग्रेडचं ऑइल भरा. बसवल्यावर डिझेल बंद राहावं म्हणून स्टॉप वायर ओढून किंवा सोलेनॉइडची वायर काढून, नोझल बाहेरच ठेवून, सेल्फ दहा दहा सेकंद, मधे दम देत, ऑइलचा काटा वर येईपर्यंत किंवा लाइट विझेपर्यंत. तेवढ्यात कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलेंडर मोजून घ्या, आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचा, पण चौघांत दहा टक्क्यांच्या वर फरक असंल तर चालू करायच्या आधी कारण शोधा. मग नोझल लावून चालू करा, लोड न देता पंधरा मिनिटं, बंद करा, गरम असतानाच ऑइल त्याच पारदर्शक बाटलीत काढा. आता मात्र रंग खरं बोलतो, कारण आता घुसळलं गेलंय. चहासारखं आलं तर गाडी बाहेर काढू नका, पाणी अजून कुठनंतरी येतंय. फिल्टर करवतीनं कापून कागद उलगडा, चकाकणारा कचरा आहे का बघा. स्वच्छ असंल तर चांगलं ऑइल भरा आणि आठवड्यानं परत एकदा सोडा.

काढलेलं इंजिन परत ठेवायचं असंल तर बोळे कोंबू नका. आमच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे तेव्हा पेवाचं तोंड लिंपून बंद करायचे, इथं तसंच करायचं, सुताराकडनं लाकडाच्या गोल खुंट्या करून घ्या, त्याला ग्रीस लावून ठोका आणि वरनं रबर ट्यूबचा तुकडा बांधा. ऑइल नवं भरून ठेवा, सिलेंडरमध्ये दोन दोन चमचे ऑइल, जमिनीपासनं उंच फळीवर, ताडपत्री वरनं पण बाजूनं मोकळी म्हणजे घाम कोंडत नाही, आणि महिन्यातनं एकदा खुंट्या काढून, आत बघून, हातानं सव्वादोन फेरे, म्हणजे दरवेळी दुसऱ्या जागेवर थांबतं. मामाच्या शेडातलं ते खिळ्याचं भोक मी त्याच दिवाळीत एमसील लावून बुजवलं.